आज्ञावलीचे दप्तर

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका शाळेत घडलेली गोष्ट प्रथम सांगतो. एका विद्यार्थ्याच्या आडनावातील एक अक्षर प्रवेशाच्या वेळी चुकीचे लिहिले गेले होते. वडिलांनी अर्ज केला, पुरावा दाखविला आणि कार्यालयात नव्यानेच आलेल्या कारकुनांनी त्याच दिवशी जनरल रजिस्टरमध्ये तांबड्या शाईने दुरुस्ती करून तिच्यावर मुख्याध्यापकांची सही घेतली. काम झाले असे सर्वांना वाटले. परंतु तेच आडनाव हजेरीपटात होते, फीच्या वहीत होते, गुणांच्या नोंदवहीत होते आणि ग्रंथालयाच्या वहीतही होते. परीक्षेचा अर्ज भरला गेला तो गुणांच्या नोंदवहीवरून. परिणाम असा झाला की, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव आणि गुणपत्रिकेवर दुसरे! पुढील प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करीत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत त्या मुलाला कित्येक महिने काढावे लागले.

यात नव्या कारकुनांचा दोष आम्हांस फारसा दिसत नाही. त्यांच्या आधीचे वृद्ध कारकून नाव दुरुस्त करताना पाचही वह्या काढीत. कोणत्या वह्या काढावयाच्या हे त्यांच्या डोक्यात होते आणि निवृत्तीबरोबर ते त्यांच्यासह घरी गेले. खरा दोष वह्यांच्या मांडणीचा होता. एकच माहिती पाच ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिली गेली होती आणि त्या पाचांतील नाते कोठेही लिहिलेले नव्हते. आता कल्पना करा की, त्या कार्यालयात एक दुरुस्ती-वही असती, आणि अमुक तारखेस अमुक कारणासाठी अमुक अमुक वह्यांत बदल केला, अशी नोंद तीत गेली वीस वर्षे होत आली असती. नव्या कारकुनांनी ती नुसती चाळली असती, तरी नावाची दुरुस्ती निघाली की पाच वह्या एकदम हलतात, हे त्यांना कोणी न सांगता कळले असते. संगणकशास्त्रातील ज्या विद्येची ओळख आम्ही आज करून देणार आहोत, तिचे बीज एवढेच आहे.

संगणकाला काम सांगणारी जी आज्ञावली, तिला आपण बोलताना सॉफ्टवेअर म्हणतो. लहान आज्ञावली एका फाइलीत मावते. पण बँकेचे व्यवहार किंवा दूरध्वनीचे केंद्र चालविणाऱ्या आज्ञावलीच्या ओळी लक्षावधींनी मोजाव्या लागतात. एवढे सारे एका माणसाच्या डोक्यात राहणे शक्य नाही, म्हणून तिचे तुकडे करतात. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. आम्ही त्यांना घटक म्हणू. तुकडे कोणालाही करता येतात. ते कोठे करावे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे आजही प्रमाण मानले जाणारे उत्तर डेव्हिड पार्नास यांनी 1972 साली एका निबंधात दिले. त्यांनी उदाहरण घेतले ते एका सूचीचे. ग्रंथनामांची यादी दिली असता प्रत्येक नाव त्यातील प्रत्येक शब्दाखाली सापडावे, अशी सूची करावयाची. ‘गोव्याचा प्राचीन इतिहास’ हे नाव ‘प्राचीन इतिहास गोव्याचा’ आणि ‘इतिहास गोव्याचा प्राचीन’ असे फिरवून लिहावयाचे आणि मग सर्व ओळी वर्णानुक्रमे लावावयाच्या. कोणीही सहज करील ती विभागणी कामाच्या क्रमाने होईल: एक घटक नावे वाचील, दुसरा ती फिरवील, तिसरा क्रम लावील, चौथा छापील. ही विभागणी दिसते नीटनेटकी. पण तीत एक मेख आहे. नावे संगणकाच्या स्मृतीत कशा रीतीने साठविली आहेत, हे या जवळजवळ सर्व घटकांना ठाऊक असावे लागते. साठविण्याची रीत बदलली की सगळे घटक उकलावे लागतात. पार्नास यांनी सुचविले की, कामाचा क्रम बाजूला ठेवा आणि पुढे बदलण्याचा संभव असलेल्या निर्णयांची यादी करा. मग असा एकेक निर्णय एकेका घटकाच्या पोटात लपवा. साठविण्याची रीत एकाच घटकास ठाऊक असावी, इतरांनी त्याला विचारावे. आमच्या शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर नाव फक्त जनरल रजिस्टरमध्ये असावे आणि इतर वह्यांत केवळ नोंदणी क्रमांक असावा.

हा उपदेश न पाळल्याची किंमत साऱ्या जगाने एकदा मोजली आहे. जुन्या काळी संगणकाची स्मृती अत्यंत महाग असे, म्हणून 1972 हे वर्ष नुसते 72 असे लिहिण्याची प्रथा पडली. हा निर्णय कोणत्याही एका घटकात लपविलेला नव्हता. तो व्याजाच्या हिशेबात, विम्याच्या मुदतीत, निवृत्तिवेतनात, जेथे जेथे तारीख आली तेथे तेथे पसरला होता. सन 2000 जवळ आले तेव्हा 00 म्हणजे 1900 असे समजून हे सारे हिशेब कोलमडतील हे ध्यानी आले आणि लक्षावधी ओळींतून ते दोन अंक हुडकून काढण्याचे काम जगभर सुरू झाले. पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील अनेक तरुण अभियंत्यांना परदेशी काम प्रथम मिळाले ते याच निमित्ताने. एकाच्या चुकीत दुसऱ्याचा उदरनिर्वाह असतो, तो असा.

परंतु आरंभी विभागणी उत्तम केली तरी ती तशीच टिकते असे नाही. घाईच्या वेळी कोणी भिंतीला भोक पाडून पलीकडची वस्तू घेतो. ते भोक तसेच राहते. मग दुसरा त्याचा दरवाजा करतो. स्टीफन आइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दूरध्वनी-केंद्राच्या एका 15 वर्षे जुन्या प्रचंड आज्ञावलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी थोड्या फाइलींना हात लावून होणारा बदल काळ लोटला तसा अधिकाधिक फाइलींना हात लावल्यावाचून होईनासा झाला, असे त्यांना आढळले. त्यांनी या अवस्थेला क्षय हा शब्द वापरला आहे, आणि तो आम्हांस योग्य वाटतो.

आइक यांना पंधरा वर्षांपूर्वीचे हे कसे कळले? येथेच आपल्या दुरुस्ती-वहीचा संबंध येतो. आज्ञावलीतील प्रत्येक बदल जपून ठेवणारे साधन मार्क रॉचकाइंड यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये 1972 साली तयार केले. पार्नास यांच्या निबंधाचेच ते वर्ष. पुढे अशी अनेक साधने झाली. आज सर्वांत अधिक वापरात असलेले गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचले, आणि लिनक्सच्या त्या दप्तरात आज 10 लाखांहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत बदल कोणी केला, केव्हा केला, कोणत्या फाइलींतील कोणत्या ओळी बदलल्या आणि का बदलल्या, हे सारे असते. अशा संग्रहाला रिपॉझिटरी म्हणतात. आमच्या मते दप्तर हा शब्द त्याला चपखल बसतो. अर्थात विद्यार्थिमित्रांनी पाठीवरचे दप्तर न समजता पेशवे दप्तर डोळ्यांसमोर आणावे.

ही तुलना आम्ही नुसत्या शब्दासाठी केलेली नाही. बडोदे संस्थानच्या सेवेत आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात संपादित केले. ते कागद लिहिणाऱ्यांनी इतिहासासाठी लिहिले नव्हते. कोणी हिशेब लिहिला, कोणी हुकूम, कोणी बातमी. म्हणूनच पुष्कळ काळाने रचलेल्या बखरीपेक्षा इतिहासकार त्यांना अधिक मान देतात. आज्ञावलीलाही बखर असते. रचनाकारांनी काढलेली सुंदर आकृती, अमुक घटक अमुक घटकावर अवलंबून नाही असे सांगणारी, ही तिची बखर होय. दप्तरातील नोंदी हे अस्सल कागद. चुकीचा बदल परत घेता यावा आणि अनेकांना एका वेळी काम करता यावे एवढ्याचसाठी त्या ठेवल्या गेल्या; म्हणून त्यांत कोणाची तरफदारी नाही.

या कागदांचा असा उपयोग प्रथम करणाऱ्यांत व्हिएन्ना येथील हराल्ड गाल, कारिन हायेक आणि मेहदी जझायेरी हे होत. त्यांनी 1998 साली दूरसंचाराच्या एका आज्ञावलीच्या 20 आवृत्त्या तपासल्या आणि कोणते घटक वारंवार एकाच वेळी बदलतात ते पाहिले. आज्ञावलीच्या मजकुरात ज्यांचा एकमेकांशी उघड संबंध नाही असे घटकही जोडीने बदलत असतील, तर त्यांच्यात आतून नाते असले पाहिजे, हा त्यांचा तर्क. आपला हजेरीपट आणि ग्रंथालयाची वही ही एकमेकींचा उल्लेख करीत नाहीत. तरी त्यांचे नाते आपण पाहिलेच.

नात्याची मोजदाद करण्याची रीत मात्र आली ती वाण्याच्या दुकानातून. एकाच खरेदीत कोणत्या वस्तू बरोबर घेतल्या जातात हे विक्रीच्या नोंदींवरून काढण्याची पद्धत राकेश अगरवाल आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी 1993 साली मांडली. जिरे घेणारा मोहरीही घेतो, हे वाण्याला अनुभवाने कळते. संगणकाला ते मोजून कळते. ही रीत आपल्या दुरुस्ती-वहीला लावून पाहू. समजा, जनरल रजिस्टरमध्ये आजवर 40 दुरुस्त्या झाल्या आणि त्यांपैकी 30 वेळा गुणांच्या नोंदवहीतही दुरुस्ती झाली. या 30 ला आधार म्हणू. 40 पैकी 30 म्हणजे शेकडा 75 हा भरवसा. आता उलट बाजूने पाहा. गुणांच्या नोंदवहीत फेरतपासणीमुळे सारख्याच दुरुस्त्या होतात. समजा त्या 600 झाल्या. त्यांपैकी जनरल रजिस्टर हलले ते तेच 30 वेळा, म्हणजे भरवसा केवळ शेकडा 5. नाते एकच, पण दोन्ही बाजूंनी सारखे नव्हे. रजिस्टर हलले तर नोंदवही अवश्य पाहावी. नोंदवही हलली म्हणून रजिस्टर काढण्याचे कारण नाही. आधार लहान असेल, समजा दोनच वेळा दोन फाइली बरोबर बदलल्या असतील, तर भरवसा शंभर टक्के आला तरी तो योगायोग असू शकतो, हेही विसरता कामा नये.

जर्मनीतील थॉमस त्सिमरमान आणि सहकाऱ्यांनी या रीतीवर ‘रोझ’ नावाचे साधन बेतले आणि 2004 साली एडिंबरो येथील परिषदेत त्याचे वर्णन केले. कोणी एका ठिकाणी बदल केला की हे साधन पूर्वानुभव पाहून सांगे: ज्यांनी पूर्वी हे बदलले, त्यांनी तेही बदलले होते. आठ मोठ्या खुल्या आज्ञावल्यांवर त्याची कसोटी घेतली, तेव्हा पहिल्या 3 सूचनांत एक तरी बरोबर असण्याचे प्रमाण 64 टक्के भरले. केवळ आज्ञावलीचा मजकूर वाचून जी नाती कधीच दिसली नसती, तीही या साधनाला दिसली. आमच्या नव्या कारकुनांच्या शेजारी असे कोणी बसले असते तर!

तथापि आठवण करून देणारा शेजारी मिळाला म्हणून पाच वह्यांच्या जागी एक होत नाही. दप्तराचा खरा उपयोग विभागणी सुधारण्यासाठी झाला पाहिजे. सनी वाँग, युआनफांग काय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली या दिशेने एक पाऊल टाकले. आकृतीप्रमाणे कोणते घटक बरोबर बदलावयास हवेत आणि दप्तराप्रमाणे प्रत्यक्षात कोणते बदलले, या दोहोंतील तफावत त्यांचे साधन काढी. बखर आणि कागद समोरासमोर ठेवण्याचाच हा प्रकार. साधनाचे नाव त्यांनी क्लायो असे ठेविले. हे ग्रीक पुराणातील इतिहासदेवतेचे नाव आहे. हडूप या आज्ञावलीच्या 15 आणि एक्लिप्सच्या एका भागाच्या 10 आवृत्त्या तपासता ज्या तफावती निघाल्या, त्यांतील शेकडो तफावती म्हणजे रचनेचे दोष होत, असे त्या आज्ञावल्यांच्या कर्त्यांनीच पुढे मान्य केले किंवा त्या जागा स्वतः सुधारल्या.

प्रत्यक्ष सुधारणा कशी होते ते एका साध्या उदाहरणाने पाहू. एका दुकानाच्या हिशेबाच्या आज्ञावलीत बिल छापणारी एक फाइल आहे, परत आलेल्या मालाचा हिशेब करणारी दुसरी आणि महिन्याचे विवरणपत्र करणारी तिसरी. दप्तर चाळता असे दिसते की, तिन्ही पुन्हा पुन्हा एकाच नोंदीत बदलल्या आहेत. आता नोंदींची कारणे वाचावी. प्रत्येकीत जीएसटीचा दर बदलल्याचा उल्लेख आहे. म्हणजे कराचा दर हा निर्णय तीन घरांत राहतो आहे. त्याला तिन्ही घरांतून उचलून स्वतःचे घर द्यावे आणि तिन्ही फाइलींनी त्याला दर विचारावा. पुढच्या वेळी दर बदलेल तेव्हा दप्तरातील नोंदीत एकच फाइल दिसली पाहिजे. तीन दिसल्या तर आपले निदान चुकले. रोग दाखविणारे दप्तर उपचाराची परीक्षाही घेते, हा त्याचा आम्हांस सर्वांत आवडलेला गुण आहे.

आता या विद्येचे पाय कोठे घसरतात तेही सांगितले पाहिजे. जुन्या सीव्हीएस या साधनात प्रत्येक फाइलीची नोंद वेगवेगळी होई. कोणत्या फाइली एका कामाच्या, हे लिहिलेलेच नसे. तेव्हा संशोधकांनी अशी युक्ती काढली की, लेखक एक, शेरा एक आणि लागोपाठच्या दोन नोंदींतील अंतर 200 सेकंदांपेक्षा अधिक नाही, अशा नोंदी एका कामाच्या समजाव्या. युक्ती उपयोगी आहे. पण तो अखेर अंदाजच. कित्येकदा एकच नोंद दोन कामांची असते. दिवसभरात दोन भिन्न दुरुस्त्या करून संध्याकाळी त्या एकाच नोंदीत कोंबण्याची सवय आळशी माणसांनाच असते असे नाही. किम हेर्झिग आणि आंद्रेआस त्सेलर यांनी 2013 साली पाच आज्ञावल्या तपासल्या, तेव्हा दोषदुरुस्तीच्या नोंदींपैकी 15 टक्क्यांपर्यंत नोंदी अशा गुंतलेल्या आढळल्या. गुंतलेल्या नोंदी खोटी नाती दाखवितात. शिवाय नव्या वर्षी प्रत्येक फाइलीच्या माथ्यावरील स्वामित्वहक्काचे साल बदलणारी एक नोंद झाली की जगातील सर्व फाइली एकमेकींच्या सोयऱ्या ठरतात! असल्या अवाढव्य नोंदी आधीच वेगळ्या काढाव्या लागतात.

याहून सूक्ष्म प्रश्न असा की, जोडीने होणारा प्रत्येक बदल हा दोषच का? लुसियाना सिल्वा, मार्को तुलियो वालेंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली 6 आज्ञावल्यांच्या जाणकारांना हाच प्रश्न विचारला. बरोबर बदलणाऱ्या घटकांचे जे गट त्यांनी दप्तरातून काढले होते, त्यांतील काही एकाच विभागात सामावलेले होते. त्यांत काही वावगे नव्हते. काही गट अनेक विभागांत सारखे विखुरलेले होते. ते बहुधा रचनेचे वैगुण्य दर्शवीत. तिसऱ्या प्रकाराला त्यांनी ऑक्टोपस असे नाव दिले. याचे धड एका विभागात आणि बाहू इतर विभागांत. असे गट पाहून जाणकारांनी सांगितले की, हे असेच असणार; यांना एका घरात कोंडणे सोपे नाही. म्हणजे दप्तर संशयिताकडे बोट दाखविते, निवाडा जाणकारानेच करावयाचा. दप्तरावर सर्वस्वी विसंबून विभाग फोडणाऱ्या उत्साही मंडळींनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एक मर्यादा उघड आहे. दप्तरात असते ते झालेल्या बदलांचे. नुकत्याच जन्मलेल्या आज्ञावलीचे दप्तर कोरे असते. तेथे पार्नास यांच्या रीतीने पुढचा विचार करणे एवढेच हाती राहते. ज्या फाइलीला दहा वर्षांत कोणी हात लावला नाही, तिच्याविषयीही दप्तर मूक असते. ती निर्दोष आहे की लोक तिला भितात, हे त्यावरून कळत नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी संगणक आहे, अशा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हे स्वतः करून पाहता येईल. गिट हे साधन विनामूल्य मिळते आणि स्वतः गिटच्या आज्ञावलीचे दप्तर सर्वांना खुले आहे. त्यातील शेवटच्या शंभर नोंदी घ्याव्या, प्रत्येकीत कोणत्या फाइली बदलल्या ते वहीत रकाने पाडून लिहावे, आणि वारंवार एकत्र येणाऱ्या जोड्या मोजाव्या. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजूंचा भरवसा काढावा. मग त्या नोंदींचे शेरे वाचून, त्या दोन फाइली एकत्र का आल्या असाव्यात याचे कारण एका वाक्यात लिहावे. आकडे काढण्यास एक संध्याकाळ पुरेल. त्या एका वाक्याला मात्र दोनतीन संध्याकाळी लागतील, असा आमचा अनुभव आहे.